खोलगटातलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांना अजून नावं पडली नव्हती आणि जनावरं माणसाशी बोलत होती, तेव्हाची.

एका डोंगराच्या पायथ्याला म्हशी पाळणाऱ्यांचं गाव होतं आणि गावाला मोठं कुरण होतं. कुरणाच्या उतारावर पवन्या गवत माणसाच्या छातीला लागे. खाली खोलगट भाग होता. तिथं पावसाचं पाणी साचे आणि दिवाळीपर्यंत हलत नसे. त्या पाण्यात लव्हाळा आणि ठेंगणं पाणगवत, एवढंच उगवे.

कुरणाची एकेक पट्टी एकेका घराकडे राखणीला होती. खोलगट हैबतीच्या घराकडे होता. होळीपर्यंत तिथं कुणाचं जनावर जात नसे. होळीनंतर मात्र उतार वाळून जाई, आणि सगळ्या गावच्या म्हशी अजून हिरव्या असलेल्या खोलगटात उतरत.

दसऱ्याला प्रत्येक घर आपल्या पट्टीतली गवताची पेंढी देवळापुढे उभी करी. ज्याची पेंढी उंच, त्याला हार मिळे आणि त्याची म्हैस कळपाच्या पुढं चाले. हैबती गुडघाभर पाण्यातून लव्हाळा कापून आणी. ती पेंढी धड उभीही राहत नसे.

"हैबती, देवळाला झाडू आणलास होय रं?" शेजारचा सुभाना विचारी. सगळे हसत.

हैबतीही हसे. पण घरी येऊन जेवत नसे.

एका वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस त्यानं कुदळ उचलली आणि खोलगटापासून ओढ्यापर्यंत चर खणायला घेतला. त्याची मोरी म्हैस काठावर रवंथ करत बघत होती.

"काय चाललंय, मालक?"

"पाणी काढून देतोय. इथंही पवन्या येईल. तू कळपाच्या पुढं चालशील."

"मी मागं चालते तेच बरं. पुढं चालून पोट भरत नाही," मोरी म्हणाली.

"तुला काय कळतंय गं?"

"चिखल कळतो," म्हणून मोरीनं डोळे मिटले.

पाऊस आला. पाणी चरातून निघून गेलं. बुडून राहण्याची सवय असलेला लव्हाळा कोरड्यात खुरटला. तो उन्हाळा खाली मुरलेल्या जुन्या ओलीवर आणि रचलेल्या वाळक्या गवतावर कसाबसा निघाला. वरचा पवन्या हळूहळू खाली सरकला आणि दुसऱ्या पावसात त्यानं सगळा खोलगट भरून टाकला. त्या दसऱ्याला हैबतीची पेंढी सर्वांत उंच ठरली. त्याच्या गळ्यात हार पडला. मोरी कळपाच्या पुढं चालली, पण तिची मान खाली होती.

पवन्याच्या बुडाशी बोरी-बाभळीची रोपं होती, ती कुणी पाहिली नाहीत. बी दरवर्षीच वाऱ्यानं आणि पाखरांनी येऊन पडत असे. आजवर साचलेल्या पाण्यात ते कुजून जाई. आता कुजवायला पाणी नव्हतं.

पुढच्या होळीपर्यंत रोपं कमरेला आली, आणि त्यांच्या सावलीत गवत विरळ झालं. उतार नेहमीसारखा वाळला, पण या वेळी खोलगटही वाळला. म्हशी खाली उतरल्या आणि काट्यांनी तोंडं ओरबाडून घेऊन परत आल्या. रचून ठेवलेलं वाळकं गवत वैशाखाआधीच संपलं.

दूध आटलं. मोरीचं रेडकू नुकतं जन्मलं होतं. ते आईला ढुशा देई आणि दमून बसे.

सुभाना दारात आला. त्याच्याही गोठ्यात तेच चाललं होतं.

"हैबती, तो हार असेल तर दे. तेवढाच म्हशीला खायला घालतो."

गाव म्हशी घेऊन डोंगरापलीकडं चाऱ्याला निघालं. वाटेत रेडकू उठेना. हैबतीनं त्याला खांद्यावर घेतलं. खिंड यायच्या आधीच त्याची मान कलंडली.

मोरी काही बोलली नाही. त्याला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

"मोरे, मी काय करू?" शेवटी त्यानंच विचारलं.

"पाणी होतं तिथं ठेव. बाकीचं पाणी करील."

हैबती एकटाच मागं फिरला. पावसाच्या तोंडाशी तो चर बुजवत होता, तेव्हा शेजारी दुसरी कुदळ पडल्याचा आवाज आला. सुभाना होता.

"तो झाडूचा शब्द मीच काढला होता," तो म्हणाला. "हाण आता."

खोलगट पुन्हा भरला. बोरी-बाभळी पाण्यात उभ्या राहून पिवळ्या पडल्या आणि मेल्या. लव्हाळा काठाकाठानं आला. पाणगवताला मात्र वेळ लागला. चिखलात राहिलेली जुनी मुळं हळूहळू फुटली, आणि तोवर गावाला आणखी एक उन्हाळा डोंगरापलीकडं काढावा लागला.

त्यानंतरच्या दसऱ्याला हैबती लव्हाळ्याची वाकडी पेंढी घेऊन आला. कुणी माप काढलं नाही. गावानं ठरवलं, की हार आता दसऱ्याला नाही, होळीला घालायचा. वर सगळं वाळलेलं असताना ज्याची पट्टी हिरवी असेल त्याला.

होळीला मोरी कळपाच्या पुढं खोलगटात उतरली. पहिला घास घेण्याआधी तिनं जमिनीला नाक लावलं.

"ओल आहे," ती म्हणाली आणि चरू लागली. हैबती तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

जमिनीचा स्वभाव बदलायला निघण्याआधी, त्या स्वभावावर कुणाचा उन्हाळा निघतो ते बघावं.