उतार नसलेलं संस्थान

मोरघळच्या राजेसाहेबांनी ‘उतार’ या शब्दावर बंदी घातली आणि आठ दिवसांच्या आत पुंजा भोई कोठडीत गेला!

झालं होतं असं की, राजेसाहेब इंग्रजी शिकत होते. त्या भाषेत वर जाण्याला किती शब्द आहेत हे कळलं आणि त्यांना हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. भर दरबारात ते बोट नाचवून सांगू लागले, “सूर्य राइज होतो! घार सोअर करते! पायऱ्या क्लाइम करायच्या, ओझं लिफ्ट करायचं. आणि राजा? राजा गादीवर असेंड होतो!” दरबाराने माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कुणाला!

तेवढ्यावर थांबते तर ते राजेसाहेब कसले? वर जायला एवढे शब्द असताना खाली जायचे शब्द हवेत कशाला, असं म्हणून त्यांनी तेही बंद केले. खाली, उतार, कमी, सगळे! खजिनदाराला खजिना आटला म्हणता येईना, तेव्हा तो ‘खजिन्यात जागा वाढली’ असं सांगून शाबासकी घेऊन गेला. दिवाणांच्या सासूबाईंचा ताप केव्हाच उतरला होता, पण तसं सांगायची वैद्यांची छाती होईना. म्हातारी ठणठणीत होऊनही बिचारी पेजेवर पडून होती.

पुंजा हा राजेसाहेबांच्या पालखीचा पुढचा भोई. पालखी मध्ये आल्यामुळे मागच्या भोयांना वाट दिसत नाही, पुढचा हाक देईल तसं ते चालतात. चढ म्हटलं की दांडा वर उचलतात, उतार म्हटलं की गुडघ्यांत वाकतात, म्हणून आतला माणूस सरळ बसून राहतो. त्या दिवशी गडावरून परतताना वळणावर पुंजा सवयीने ओरडला, “उतार हाय, जपून!” वाड्यात पोचताच त्याला देवडीजवळच्या कोठडीत कोंबलं.

त्याची लेक गोजरा हे ऐकून भडकली. ज्या हाकेने राजा इतकी वर्षं पडला नाही, त्याच हाकेपायी बा कोठडीत? ती तशीच दरबारात येऊन उभी राहिली.

“सरकार, माज्या बाचा गुन्हा काय?”

“बंदीतला शब्द उच्चारला!”

“मग गडावरनं परतताना त्यानं म्हनायचं काय?”

“आमच्या राज्यात तसली वाटच नाही!”

“आसं व्हय? मग गड चढून गेलेलं सरकार परत घरी येत्यात कसं?”

मागे कुणाला तरी एकदम खोकला आला. राजेसाहेब लाल झाले. “फार जीभ चालते तुझी! उद्या आम्ही गडावर जाणार आहोत. हाक तू द्यायचीस. आम्हाला परत वाड्यात आणायचं, पण तुझ्या किंवा भोयांच्या तोंडून तसला एक शब्द जरी निघाला, तर बापासारखी तूही कोठडीत!”

“आन न्हाई निघाला तर?”

“तर बाप सुटला!”

“सरकारांचं इंग्रजी शब्द चालतील न्हवं?”

“चालतील? अगं, धावतील!” राजेसाहेब एवढे खूश झाले की त्यांनी स्वतः भोयांना बोलावून शिकवणी घेतली. क्लाइम म्हटलं की चढ समजायचा, लिफ्ट म्हटलं की दांडा उचलायचा, असेंड म्हटलं की आणखी वर न्यायचा. भोयांनी मान हलवली. हाकेप्रमाणे चालायचं एवढंच त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी जाताना पालखी फुलासारखी वर गेली. परतताना गडाचा दरवाजा ओलांडला आणि समोर उभ्या पायऱ्या सुरू झाल्या, थेट दरीकडे तोंड करून.

“क्लाइम!” गोजराने खणखणीत हाक दिली.

मागच्या भोयांनी इमानाने दांडा वर उचलला. पालखीचं तोंड जमिनीकडे वळलं! लोड घसरला, पानाचा डबा घसरला, त्यांच्या मागोमाग राजेसाहेब घसरले.

“अगं, काय करतेस!”

“सरकारांनी शिकिवलं त्येच! लिफ्ट!”

दांडा आणखी वर! जरीचं पागोटं टुणटुण उड्या मारत पुढे निघून गेलं. राजेसाहेबांनी दोन्ही हातांनी पालखीचा कठडा धरला.

“असेंड!”

“गप्प बस, कार्टे!” राजेसाहेब किंचाळले. “अरे, दांडा खाली घ्या! खाली! उतार आहे, उतार!”

मागचे भोई चटकन गुडघ्यांत वाकले आणि पालखी सरळ झाली. गोजरा गप्प झाली. तिने वाटेतलं पागोटं उचललं, धूळ झटकली आणि निवांत पुढे चालू लागली. हाक द्यायला आता राजेसाहेब होते. कठड्यावरून मान बाहेर काढून ते अख्खा गड ओरडत आले, “उतार! पायरी खाली! अरे, मोठा उतार, जपून!” पायथ्याची गुराखी पोरं पोट धरधरून हसली.

देवडीत पालखी टेकली. घसा बसलेले राजेसाहेब बाहेर येऊन गरजले, म्हणजे गरजायला गेले. “तू आम्हाला मुद्दाम पाडत होतीस!”

“म्या? सरकार, माज्या तोंडून तसला एक तरी शबुद निघाला का? भोई तर बोललंच न्हाईत.”

“मग कोण बोललं?” दिवाण तावातावाने पुढे आले. “ज्याने कायदा मोडला त्याला कोठडी!”

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खांबाआड सरकले.

गोजराने हात जोडले. “दिवाणजींचा हुकूम खरा हाय, सरकार. पर कोठडी पडली एका मान्साची. आधी माज्या बाला भाईर काढा, मग आपल्याला आत जायला जागा हुईल!”

राजेसाहेबांनी कोठडीकडे पाहिलं, दिवाणांकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पागोट्याकडे पाहिलं, आणि बसलेल्या घशाने असे खो खो हसत सुटले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

“काढा रे पुंजाला! बंदीही काढा! आणि पोरी, ते पागोटं आता आमचं नव्हे. खाली पडलंय, तुझ्या बापाच्या डोक्यावर चढू दे. सोन्याचं कडं तुला!”

‘बंदीही काढा’ एवढं कानांवर पडताच देवडीतल्या गर्दीतले वैद्यबुवा मात्र पुढचं ऐकायला थांबलेच नव्हते. धोतराचा सोगा सावरत ते दिवाणांच्या घराकडे ओरडत पळत होते, “सासूबाईंचा ताप उतरला हो! जेवायला वाढा!”