धुवायला गेलेली गोधडी

भिंतींनाही तोंड होतं, त्या काळची ही गोष्ट. अंबूताईंच्या खोलीत एक रेडिओ होता आणि समोरच्या भिंतीवर दांडीला जाड गोधडी टांगलेली असे. भिंत तिला हिणवायची, "रेडिओच्या प्रत्येक सुराला मी उत्तर देते. तू मात्र कायम मख्ख."

नवरात्र जवळ आलं तशी अंबूताईंनी पडदे, अंथरुणं, गोधडी, सगळं धुवायला काढलं. खोली ओकीबोकी झाली. संध्याकाळी रेडिओ गाऊ लागला आणि भिंतीला जोर चढला. एक सूर संपायच्या आत ती मागचा सूर त्याच्या अंगावर टाकायची. नुसता गलका झाला, गाण्यातला एक शब्द कळेना.

"अहो, हा बिघडला," अंबूताई नवऱ्याला म्हणाल्या. "उद्या भंगारात देऊन टाका."

दुसऱ्या दिवशी उन्हात वाळलेली गोधडी दांडीवर परतली, पडदे लागले. भंगारवाल्याची वाट बघताना अंबूताईंनी शेवटचा म्हणून रेडिओ लावला. शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू आला. भंगारवाला दारात हाका मारून निघून गेला, तरी त्या उठल्या नाहीत.

गाणं संपल्यावर भिंतीने हळूच विचारलं, "तू असं केलंस तरी काय?"

"काही नाही," गोधडी म्हणाली. "तो गात होता, मी ऐकत होते."

भिंत यावर काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात दुसरं गाणं सुरू झालं, आणि ती थांबली.