टाकीवरचं कमळ

"वस्ताद, खोटं कोण बोलतंय... काटा का टाकी?"

बिरुदेवने हे विचारलं तेव्हा दस्तगीर वस्ताद गॅरेजच्या दारात जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

जत रस्त्यावरच्या त्या गॅरेजात बिरुदेव सहा वर्षं शिकत होता. हात चांगला होता, आणि ते त्याला जरा जास्तच माहीत होतं. स्वतःच्या गॅरेजची पाटीसुद्धा त्याने रंगवून घरी तयार ठेवली होती. वस्तादांची अट एकच. मल्लाप्पाच्या जुन्या ट्रकचा डिझेलचा काटा दुरुस्त कर, मग खुशाल जा. नाही जमलं तर अजून दोन वर्षं इथेच.

टाकी भरलेली असो नाहीतर कोरडी, काटा आपला शून्यावर पडून. बिरुदेवने मीटर बदलला, टाकीत डिझेलवर तरंगणारा फ्लोट बदलला. काटा ढिम्म हलला नाही. मल्लाप्पा बिचारा बाभळीची काठी टाकीत बुडवून डिझेल मोजायचा, आणि बिरुदेव त्याला हसायचा.

"मल्लाप्पाला काय इचारलंस?" वस्तादांनी विचारलं.

"त्यांना काय इचारायचं? काठी बुडवणारा मानूस."

वस्तादांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

बिरुदेवने दात आवळले. आणखी एक मीटर आणतो, पण आज याला सोडत नाही, असं तो म्हणाला.

"मीटर ऱ्हाऊ दे. टाकीवरची वायर काढ."

मल्लाप्पाला केबिनमध्ये बसवलं. चावी फिरवून काटा काय करतो ते सांगत राहायचं, एवढंच त्याचं काम. बिरुदेवने वायरचं उघडं टोक चेसिसला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवलं.

"वर गेला. पार फुल."

बिरुदेवला बरं वाटलं. म्हणजे मीटर चांगला, वायरही चांगली.

"आता टाकीला लाव," वस्ताद म्हणाले.

त्याने तेच टोक टाकीच्या बोल्टला टेकवलं.

"पडला."

पुन्हा चेसिसला. काटा वर. पुन्हा टाकीला. काटा खाली...

बिरुदेव टाकीकडे बघत राहिला. निळीशार टाकी, तिच्यावर गुलाबी कमळ. टाकी चेसिसवर घट्ट बसलेली होती, पण करंट चेसिसकडे जायला तिच्यातून वाटच उरली नव्हती.

"अण्णा, ह्ये कवापास्नं हुतंय?" त्याने मल्लाप्पाला विचारलं.

"दसऱ्यापास्नं. पयल्याच दिशी सांगितलं की म्या. तू ऐकतोयस कुठं?"

दसऱ्याच्या पूजेसाठी टाकी खाली काढून बिरुदेवनेच ती रंगवली होती. चांगले तीन हात. टाकीचे लोखंडी पट्टे जिथे आवळतात, करंट जायला जिथे पत्रा उघडा राहायला हवा, तिथेसुद्धा. सगळ्या गावाने कमळाचं कौतुक केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, फक्त इथे कळसा त्याने स्वतःच रंगवलेला होता.

मुकाट्याने टाकीपासून चेसिसला एक जादा वायर जोडून मोकळं होता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

त्याने पॉलिश पेपर उचलला. पट्टे सैल केले आणि आपलाच रंग घासायला बसला. कमळाच्या दोन पाकळ्या त्यात गेल्या. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण लख्ख पत्रा दिसेपर्यंत त्याने हात थांबवला नाही.

मग पट्टे आवळले, वायर जागेवर लावली.

"अर्धी दावतोय," मल्लाप्पा म्हणाला. त्याचा विश्वास बसेना. खाली उतरून त्याने काठी बुडवली. काठी अर्ध्यापर्यंतच ओली झाली.

"काय झालं हुतं रं?"

बिरुदेवने वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद कप विसळत होते...

"माझा रंग आडवा आला, अण्णा. चूक माझी."

मल्लाप्पा पोट धरून हसला. आता या काठीचं काय काम, म्हणत ती रस्त्याकडेला भिरकावायला निघाला.

वस्तादांनी ती त्याच्या हातातून घेतली. फडक्याने पुसली. बिरुदेवच्या हातात दिली.

"पाटीच्या आधी ही टांग."