झिऱ्यावरची करवंटी

फार मागची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका वाडीत, भागाबाईच्या घरात फळीवर नारळाची एक करवंटी होती. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहायची. तांब्याचा हंडा एका डुबकीत भरून यायचा आणि तिला म्हणायचा, "तुझ्यात चिमणीची तहान तरी भागेल का गं?"

करवंटीला ते झोंबायचं.

एका वर्षी पावसाने आषाढातच पाठ फिरवली. चैत्रात नदीत नुसते गोटे उरले. भागाबाईने वाळूत हातभर झिरा खणला, तेव्हा कुठे तळाशी ओंजळभर पाणी पाझरलं. हंडा ऐटीत पुढे सरसावला, तो झिऱ्याच्या तोंडाशीच अडला.

"तू राहा बाजूला," भागाबाई म्हणाली. "झिरा ढासळेल."

मग करवंटी आत उतरली. भरून वर आली, पाणी पाझरेपर्यंत थांबली, पुन्हा उतरली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा हंडा काठोकाठ भरला.

वाडीच्या रिवाजाप्रमाणे भागाबाईने शेवटची करवंटी भरून झिऱ्याच्या काठावरच ठेवली आणि हंडा डोक्यावर घेतला.

"करवंटीबाई," हंडा वरून हळूच म्हणाला, "तुम्हीही चला ना घरी."

"तू हो पुढे," करवंटी ताठ मानेने म्हणाली. "माझ्याकडे चिमण्या यायच्या आहेत."