पाण्याचा गोठा

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांची वस्ती होती. माणसं थोडी आणि गाई पुष्कळ. त्या वर्षी गाईंना गोचिडांनी असं ग्रासलं, की कानात, आचळांवर, शेपटीखाली बोट टेकायला जागा उरली नाही. दूध आटलं. गाई तापाने फणफणून आडव्या पडू लागल्या.

वस्तीत एक म्हातारा वैद्य होता. मोठा हेकट माणूस! औषधाचा गुण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याची कृती कुणालाही सांगायची नाही, हा त्याचा नेम. त्याने तऱ्हेतऱ्हेचा पाला आणि बिया उकळून काढे केले, ते मातीच्या वाट्यांत ओतले आणि त्यांत गोचीड सोडले. एका काढ्यात ते खुशाल फिरत राहिले, दुसऱ्यात नुसते सुस्तावले. शेवटी एका काळपट, कडू काढ्यात सगळे मेले.

गवळी आनंदाने नाचायलाच लागले. वैद्य म्हणाला, "थांबा रे. वाटीतलं वेगळं, गाईच्या अंगावरचं वेगळं. एका गोठ्यातल्या गाईंना हा काढा लावू, दुसऱ्या गोठ्यातल्या गाईंना नुसतं पाणी. अमावास्येला दोन्ही गोठे बघू."

"आणि पाण्याच्या गोठ्यातल्या गाईंनी काय पाप केलंय, बाबा?" एका गवळणीने विचारलं. तिची पोवळी गाय त्याच गोठ्यात होती. पोवळीची आई वितानाच मेली, तेव्हा गवळणीने तिला कापडाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं.

"काही नाही गं. पण सगळ्यांनाच काढा लावला, तर गोचीड काढ्याने गेले की हवा पालटली म्हणून गेले, हे कसं कळायचं? थोडी कळ काढ."

साऱ्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवून अमावास्येपर्यंत हे पाळायचा शब्द दिला. तिनेही दिला.

पण पोवळी दिवसभर खांबाला अंग घासायची आणि तिच्याकडे बघत राहायची. बाईला ते बघवेना. एका पहाटे तिने वैद्याच्या मडक्यातला थोडा काढा आणून पोवळीला चोळला. शेजारच्या गाईनेही मान पुढे केली. मग रोज पहाटे ती अख्ख्या गोठ्याला काढा लावू लागली.

अमावास्येला दोन्ही गोठे स्वच्छ!

"हवाच पालटली," गवळी म्हणाले. "काढा न लावताही गेले की."

वैद्याने विचारलं, "पाण्याच्या गोठ्यात कुणी काही केलं का? खरं सांगा."

गवळण पोवळीची पाठ थोपटत राहिली. शब्द मोडल्याचं कळलं तर वस्ती तोंडावर थुंकली असती. शिवाय गाई बऱ्या झाल्याच होत्या, मग बोलायचं कशाला?

वैद्याने काढ्याचं मडकं ओढ्यात उपडं केलं. त्या वर्षीच्या थंडीत तो वारला.

पुढच्या वर्षी गोचीड दुपटीने आले. गवळण ऊर बडवत वस्तीसमोर उभी राहिली. "काढा गुणाचा होता हो! मीच लावला होता चोरून!"

कुणी तिला शिवी दिली नाही. एका गवळ्याने फक्त विचारलं, "कशाकशाचा होता तो?"

तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. दिसेल तो कडू पाला तिने उकळून पाहिला. कशाचाच उपयोग झाला नाही. एकेक गोठा रिकामा झाला. सगळ्यांत शेवटी पोवळी गेली, गवळणीच्याच मांडीवर मान टाकून.

मला त्या बाईचा राग येत नाही, वाईट वाटतं. तुमच्या-माझ्या हातूनही तेच झालं असतं.

तात्पर्य: सत्य झाकून केलेली माया, ज्याच्यावर केली त्याच्याच जिवावर उठते.