मैनेने पाठ केलेली गोष्ट

फार पूर्वी, राजे पालखीतून फिरत आणि पाखरं माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याच्या गावातली एक मुलगी दूरदेशी शिकून परत आली. तिला वाटलं होतं, वेशीतून शिरताच देवराईची सळसळ कानी येईल. कानी आली ती कुऱ्हाडींना धार लावण्याची खरखर! राजाला नव्या महालासाठी लाकूड हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः येणार होता आणि देवराई तुटणार होती.

पण त्या राज्यात एक रीत होती. राजा गावात आला, की आधी त्याने गावची एक गोष्ट ऐकायची, मग कामाला हात घालायचा.

"मी लिहिते ती गोष्ट!" मुलगी म्हणाली. "अशी लिहिते, की राजा कुऱ्हाडी परत नेईल!"

दुपारपर्यंत तिने भूर्जपत्रांची चळत भरली आणि पारावर उभं राहून गावाला वाचून दाखवली. अद्भुत देवराई, तिथला अद्भुत उंबर, त्याखाली अद्भुत झरा, झऱ्यावर आलेला अद्भुत बिबट्या.

"कशी वाटली, आत्या?" तिने पुढ्यात बसलेल्या आत्याला विचारलं.

आत्याने जांभई लपवली. "आवाज गोड आहे हो तुझा."

"आणि गोष्ट?"

"त्या मैनेला विचार. तीही ऐकत होती."

"सांग गं मैने, काय ऐकलंस?"

"अद्भुत!" फांदीवरची मैना म्हणाली.

"अगं, पण झरा कसा होता?"

"अद्भुत!"

"आणि बिबट्या?"

"अद्भुत! अद्भुत!"

सगळा पार पोट धरून हसला.

"बावळट पाखरू!" मुलगी फणकारली.

"बावळट कशी? तू ओंजळ भरभरून दिलंस, तेच माझ्याकडे उरलं. राजाकडे तरी दुसरं काय उरणार?"

मुलीचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. भूर्जपत्रं उचलून ती थेट देवराईत पळाली.

झऱ्याकाठी बसून तिने पहिला 'अद्भुत' खोडला. काहीच बिघडलं नाही! वाक्य उलट टुणकन उभं राहिलं. दुसरा खोडला, तर तिथे भगदाड पडलं. म्हणजे उंबर होता तरी कसा? तिने मान वर करून पाहिलं. जत्रेच्या गर्दीत आईने लेकराचं मनगट धरावं, तसा मुळांनी खडक घट्ट धरला होता. तिने तेवढंच लिहिलं. झऱ्यात हात घातला, पाणी प्यायली, तर दात शिवशिवले. तेही लिहिलं.

"अगं बाई, हे सगळं इथेच होतं की!" ती एकटीच हसत सुटली.

वाचून पाहते तो काय, 'अद्भुत' गेला तिथे 'खरोखर' माजला होता. तोही उपटला. दिवस मावळेपर्यंत एकच 'अद्भुत' उरला, अगदी शेवटच्या ओळीत: 'अशी ही आमची अद्भुत देवराई.' तिथे मात्र तिचा हात अडला. एवढा एक राहू दे, तिने मनाशी म्हटलं.

सकाळी पालखी वेशीशी आली. मुलीने शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि ठरवलं: हा शब्द मी म्हणायचा नाही. वाटलाच तर तो राजाला वाटू दे. तिने अख्खी ओळच खोडली आणि गोष्ट वाचली.

वाचून झाली तसा राजा पुढे झुकला. मग तो पालखीतून उतरला. "कुऱ्हाडी इथेच ठेवा," तो म्हणाला, "आणि मला आधी त्या झऱ्याचं पाणी पाजा."

पाणी पिऊन राजा कुऱ्हाडींसकट परत गेला. देवराई अजून उभी आहे.

तात्पर्य: लाडका शब्द फार वेळा आला की तो गोष्टच झाकून टाकतो, लिहिणाऱ्याने तो खोडायला कचरू नये.