माळखिंडीतलं एक मत

"मला त्या माणसाचं नाव पाहिजे!"

आमदार आबासाहेब मोहोरकरांनी चावडीतल्या टेबलावर मूठ आपटली. गळ्यात हार, कपाळावर गुलाल, आणि चेहरा मात्र हरल्यासारखा!

सबंध मतदारसंघात आबासाहेब अकरा हजारांनी निवडून आले होते. पण मतमोजणीतले गावागावाचे आकडे हातात पडले आणि त्यांचं बिनसलं. त्यांच्या स्वतःच्या माळखिंडीत मतदार ४८७. झाडून सगळ्यांनी मत दिलेलं. आबासाहेबांना ४८६. आणि विरोधक रावसाहेब गिड्ड्यांना एक!

"एक तर एक, आबा," सरपंच शेवंताबाई म्हणाल्या. "पेढा घ्या."

"पेढा कसला देता! माझ्या गावात, माझ्या नाकासमोर, गिड्ड्याला मत? ते नाव कळल्याशिवाय ओढ्यावरच्या पुलाच्या पत्रावर मी सही करणार नाही!"

त्या पुलासाठीच तर गावानं मतं दिली होती. शाळा, दवाखाना, सगळं ओढ्यापलीकडे. गेल्या पावसाळ्यात त्याच ओढ्यानं वेणू घोंगडेचा थोरला भाऊ नेला. त्याची एक चप्पल तेवढी सापडली.

आबासाहेबांचा प्रचारप्रमुख बबन कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "आबा, ती वेणू बघा. एकोणीस वर्षांची. पहिलंच मत. नव्या पोरांचा काय भरवसा?"

वेणू उठली. "बबनदादा, पुठ्ठ्याच्या मतदानयंत्रावर मला तुम्ही तीनदा बटण दाबायला लावलंत. चौथ्यांदा म्हणालात, जोरात दाब! आता आणखी किती शिकू?"

लोक हसले. आबासाहेब आणखी तापले. "फार बोलतेस! मग तूच शोध तो माणूस!"

"शोधते. पण मत गुप्त असतं, आबा. कुणी कुणाला दिलं हे मी विचारणार नाही, अन् कुणी आपणहून सांगायला लागलं तर कानात बोटं घालीन."

"न विचारता शोधणार? हवेत शोधणार का?"

"कुठं का शोधीना. सापडल्यावर त्याचं काय करणार, तेवढं चारचौघांत सांगा."

"पुलाचा पहिला धोंडा त्याच्या डोक्यावर देईन! अनवाणी ओढ्यापर्यंत चालवीन! आणि गावासमोर म्हणायला लावीन, माझं चुकलं!"

"कुणी का असेना?"

"माझा सख्खा भाऊ असला तरी!"

"अन् सही?"

"तिथल्या तिथं!"

वेणूनं बबनकडून दोनच गोष्टी मागून घेतल्या: ते पुठ्ठ्याचं यंत्र आणि त्याची मतदारयादी.

त्या यंत्राची गंमत अशी. आधीच्या तिन्ही निवडणुकांत आबासाहेब पक्षातर्फे उभे राहिले आणि तिन्ही वेळा त्यांचं नाव यंत्रावर पहिलं होतं. यंदा पक्षानं तिकीट गिड्ड्यांना दिलं. आबासाहेब रुसून अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं किटली आणि नंबर लागला सातवा. लोक सवयीनं पहिलं बटण दाबतील या भीतीनं बबन पुठ्ठ्याचं यंत्र घेऊन दारोदार फिरला. ज्यानं सातवं बटण दाबून दाखवलं, त्याच्या नावापुढे यादीत खूण. नव्वदीच्या गंगूआजीलासुद्धा त्यानं सोडलं नाही. अजूनही दाराची कडी वाजली की आजी आतून ओरडते, "सातवं! किटली!"

वेणूनं यादी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली. आणि स्वतःशीच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे सगळा गाव जमला. वेणूनं तालुक्याहून फोटोवालाही बोलावला होता.

"सापडला का?" आबासाहेबांनी विचारलं.

"सापडला. पण आधी तुमचा एक फोटो हवा. मत देतानाचा. पुलाच्या पाटीवर लावू."

फोटो म्हटल्यावर आबासाहेब विरघळले. टोपी नीट केली, मिशीवरून हात फिरवला आणि पुठ्ठ्याच्या यंत्रापुढे उभे राहिले.

"इकडं बघा, साहेब! हसा! दाबा बटण!" फोटोवाला ओरडला.

आबासाहेबांनी कॅमेऱ्याकडे बघून झकास हसत बटण दाबलं.

"हलू नका, आबा!" वेणू म्हणाली. "बोट तसंच ठेवा. आता खाली बघा."

आबासाहेबांनी खाली बघितलं. बोट पहिल्या बटणावर. शेजारी नाव, रावसाहेब गिड्डे!

"हे... हे फोटोच्या नादात झालं!"

"मतदानाच्या दिवशीही केंद्राच्या दाराबाहेर फोटोवालेच होते की! बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दिसते. सात सेकंद! तुम्ही ती बघितली का?"

शाईचं बोट दाखवायला आपण कसे धावत बाहेर आलो होतो, ते आबासाहेबांना आठवलं.

वेणूनं यादी उघडली. "४८६ नावांपुढे बबनदादांची खूण आहे. एकाच नावापुढे नाही. मोहोरकर आबासाहेब!"

"बबन! मला का नाही शिकवलंस?"

बबन म्हणाला, "आबा, मत कसं द्यायचं ते शिकवायला मी तुमच्या दारात आलो असतो, तर तुम्ही मला गावात राहू दिलं असतं का?"

तेवढ्यात मागून गंगूआजी ओरडली, "सातवं रे लेकरा, सातवं! किटली!"

आणि आबासाहेबांना हसू फुटलं. असं फुटलं की टोपी खाली पडली. "अरे, गिड्ड्याचा माळखिंडीतला एकुलता एक कार्यकर्ता मीच निघालो की! आणा ते पत्र!"

त्यांनी सही ठोकली. मग चपला काढल्या. वेणूनं धोंडा निवडून ठेवलाच होता. डोक्यावर ठेवायची चुंबळ मात्र तिनं स्वतःच्या ओढणीची करून दिली. "माझं चुकलं! माझं चुकलं!" म्हणत आमदार पुढे आणि हसता हसता सगळा गाव मागे! जिथं चप्पल सापडली होती, तिथं वेणूनं बोट दाखवलं. आबासाहेबांनी धोंडा तिथं ठेवला. घाम पुसत म्हणाले, "पोरी, आता तुझ्यासाठी काहीतरी माग."

"पुलाला दोन्ही बाजूंनी कठडा. कागदात लिहिलेला नाही तो. माझ्या दादाच्या छातीला लागला असता एवढा."

आबासाहेबांचं हसू क्षणभर थांबलं. "दिला," ते हळूच म्हणाले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि पुढच्या निवडणुकीत मला शिकवायला बबन नको. तू ये!"

"येते की, आबा. पण त्या दिवशी फोटोवाल्याला सुट्टी द्या!"

आबासाहेब पुन्हा हसत सुटले, इतके की ओढ्यापलीकडच्या शाळेतली पोरं खिडक्यांतून बघायला लागली!